मेलबर्नला वर्किंग हॉलिडेवर जात आहे : पहिल्या दोन महिन्यांत बस्तान कसे बसवावे?

मुलुंडकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. ऑस्ट्रेलियाने भारतीय नागरिकांसाठी दर वर्षी १,००० जागांचा जो ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा, म्हणजे ४६२ क्रमांकाचा व्हिसा, खुला केला आहे, त्याच्या सोडतीत माझे नाव निघाले आणि गेल्या महिन्यात व्हिसाही हातात आला. मे महिन्याच्या अखेरीस मी मेलबर्नला पोहोचेन. माझे वय २७ असून गेली पाच वर्षे पवईतील एका कंपनीत ग्राहकसेवेचे काम केले आहे. आजवर मी मुलुंडच्या घराबाहेर सलग पंधरा दिवसही राहिलेलो नाही, हे आधीच सांगतो.

व्हिसाचे नियम मी वाचले आहेत. प्रवेशाच्या दिवसापासून १२ महिने राहता येते, एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांहून अधिक काळ काम करता येत नाही आणि अर्जाच्या वेळी ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर जवळ असल्याचे दाखवावे लागते, इथवरची माहिती पक्की आहे. माझी अडचण त्यापुढची, रोजच्या जगण्याची आहे. बँक, फोन, कराचा क्रमांक, खोली आणि काम या पाच गोष्टींपैकी कोणती आधी करावी, हेच कळत नाही, कारण प्रत्येक गोष्टीसाठी दुसरी आधी मागितली जाते. एका खोलीची छायाचित्रे मला आवडली आहेत, परंतु घरमालक म्हणवणारी व्यक्ती बॉण्ड, म्हणजे अनामत रक्कम, आणि दोन आठवड्यांचे भाडे आताच, मुंबईतून पाठवायला सांगते. शिवाय एका दूरच्या ओळखीतून तिथल्या एका उपाहारगृहात काम मिळण्याजोगे आहे. पगार दर आठवड्याला रोख मिळेल, असे ते सांगतात. परक्या गावात पहिल्याच दिवशी काम हाती असणे मला मोठा आधार वाटतो. तरीही मन साशंक आहे.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने विचारतो. वडील नाहीत, आई घरी एकटी असेल. तुमच्यापैकी जे असे राहून आले आहेत, त्यांनी घराशी संपर्क कसा ठेवला?

पार्ल्याची, नुकतीच परतलेली

तुमचे अभिनंदन. मी याच व्हिसावर मेलबर्नमध्ये वर्षभर राहून आले, त्यामुळे पाहिलेले आणि सोसलेले तेवढेच लिहिते.

आधी त्या खोलीविषयी. कृपया एक रुपयाही पाठवू नका. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, नळ सोडून पाहिल्याशिवाय आणि घरात आधीपासून राहणाऱ्यांशी दहा मिनिटे बोलल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हा नियम पाळा. आपल्याकडे दलाली, डिपॉझिट आणि अकरा महिन्यांचा करार यांची सवय असल्यामुळे आगाऊ पैसे देणे आपल्याला खटकत नाही. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे, तिथे भाडेकरूला दलाली द्यावी लागत नाही. रीतसर भाडेकराराचा बॉण्ड, साधारणपणे एका महिन्याच्या भाड्याइतका, घरमालकाच्या खिशात जात नाही, तर ‘रेसिडेन्शियल टेनन्सीज बॉण्ड ऑथॉरिटी’ या सरकारी यंत्रणेकडे जमा होतो आणि त्याची पावती तुमच्या नावाने येते. ज्याला ही पावती द्यायची नाही, त्याची खोली कितीही सुंदर असली तरी घेऊ नये. पहिले दहा-पंधरा दिवस एखाद्या हॉस्टेलमध्ये काढा आणि तेवढ्या वेळात ट्रामच्या मार्गावरची चार-पाच घरे स्वतः पाहून या. ट्रामपासून वीस मिनिटे चालत जावे लागणारी स्वस्त खोली जुलैच्या पावसात आणि पहाटेच्या शिफ्टला फार महाग पडते. शहराच्या मध्यभागी ट्रामचा प्रवास मोफत आहे, पण ती हद्द लहान आहे. त्यापलीकडे मायकी हे प्रवासाचे कार्ड लागतेच.

आता क्रमाविषयी. विमानतळावरून बाहेर पडलात की त्याच दिवशी तिथले सिमकार्ड घ्या. बँकेचे खाते अनेक बँका तुम्ही मुंबईत असतानाच उघडू देतात; तिथे पोहोचल्यावर शाखेत पासपोर्ट दाखवून ते सुरू करून घ्यायचे असते. हे काम पहिल्या सहा आठवड्यांत उरकावे, कारण तोवर ओळखीसाठी केवळ पासपोर्ट पुरतो, नंतर अधिक कागद मागतात. कराचा क्रमांक, ज्याला तिथे सगळे टीएफएन म्हणतात, तो ऑस्ट्रेलियात पोहोचल्यावरच, करखात्याच्या संकेतस्थळावरून मागता येतो. त्याला शुल्क नाही. शुल्क घेऊन तो काढून देणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नका. क्रमांक टपालाने येतो आणि त्याला २८ दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो.

इथेच माझी चूक झाली होती. मी अर्जात हॉस्टेलचा पत्ता दिला, दोन आठवड्यांनी खोली मिळाल्यावर तिथून निघाले आणि पत्र मागाहून आले. हॉस्टेलच्या दाराशी एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात गेलेल्या पाहुण्यांच्या पाकिटांचा गठ्ठा पडलेला असे. सलग तीन दिवस कामावरून सुटल्यावर मी तो गठ्ठा एकेक पाकीट उलटून पाहिला, तेव्हा माझे पाकीट एका जाहिरातीच्या पत्रकात अडकलेले सापडले. आत एक साधा कागद आणि त्यावर नऊ आकडे होते. त्या नऊ आकड्यांसाठी जीव किती टांगणीला लागला होता, हे मलाच ठाऊक. तेव्हा जिथे महिनाभर तरी नक्की राहाल, किंवा जिथे विश्वासाचे माणूस आहे, असाच पत्ता द्या.

काम मात्र क्रमांक येईपर्यंत थांबत नाही. अर्ज केल्याचे मालकाला सांगून त्याचा फॉर्म भरला की २८ दिवसांची मुभा असते. त्यानंतरही क्रमांक दिला नाही, तर पगारातून ४५ टक्के कापले जातात. फॉर्मवर आपण ‘वर्किंग हॉलिडे मेकर’ असल्याची खूण करा. आपल्याला पहिल्या डॉलरपासून कर लागतो. ४५,००० डॉलरपर्यंत तो १५ टक्के असतो. मालकाने अशा कामगारांसाठी करखात्याकडे नोंदणी केलेली नसेल, तर मात्र सुरुवातीपासून ३० टक्के कापले जातात, म्हणून नोंदणीविषयी मुलाखतीतच विचारा. यात अपमान वाटण्यासारखे काही नाही. नेटका मालक सरळ उत्तर देतो.

त्या रोख पगाराच्या कामाला माझ्या मते स्पष्ट नकार द्या. मीसुद्धा पहिले पाच आठवडे एका ठिकाणी रोखीने काम केले. ओळखीतूनच गेले होते आणि माणसे बोलायला गोड होती. तासाला १६ डॉलर मिळत. ऑस्ट्रेलियातील किमान वेतन १ जुलै २०२५ पासून तासाला २४.९५ डॉलर आहे आणि ‘कॅज्युअल’, म्हणजे कायम नसलेल्या, कामगाराला त्यावर २५ टक्के अधिक, म्हणजे सुमारे ३१.१९ डॉलर द्यावे लागतात. हिशेब तुम्हीच करा. पैसे कमी मिळाले याहूनही एक गोष्ट मला अधिक जाचली. पगारपत्रक नसल्यामुळे खोली शोधताना उत्पन्नाचा पुरावा देता येईना, मालक १२ टक्के सुपर, म्हणजे निवृत्तिनिधीचा हिस्सा, भरत नव्हता आणि हातावर उकळते पाणी सांडले तेव्हा मी तिथे कामाला आहे याचा एक कागदही माझ्याजवळ नव्हता. रोख पगार देणे हा तिथे गुन्हा नाही, पण पगाराच्या दिवसानंतर एका कामकाजाच्या दिवसात पगारपत्रक द्यावेच लागते. ते न देणारा मालक आपला माणूस असला तरी टाळावा. किंबहुना आपला माणूस असेल तर अधिकच, कारण त्याच्याकडे हक्काने भांडताही येत नाही. कोणी ‘एबीएन (व्यवसायाचा नोंदणी क्रमांक) काढून ये, मग कामाला ठेवतो’ असे म्हणाले, तर तो तुम्हाला नोकराऐवजी ठेकेदार दाखवून वेतन आणि सुपर दोन्ही वाचवू पाहतो, हे ओळखा. तक्रार करायची झाल्यास ‘फेअर वर्क ओम्बड्समन’कडे विनामूल्य करता येते आणि तिथे दुभाष्याची सोयही आहे.

त्यानंतर मला एका कॅफेत काम मिळाले. मी छापील अर्ज घेऊन सकाळी दहा ते अकरा या वेळेत, न्याहारीची गर्दी ओसरल्यावर, दारोदार फिरले. जून-जुलैत गिऱ्हाईक कमी असते, त्यामुळे नकार बरेच येतील, ते मनाला लावून घेऊ नका. दारू विकणाऱ्या ठिकाणी काम करायचे तर आरएसए हे जबाबदारीने दारू देण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. ते लवकर काढून ठेवा. सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. मालकिणीला मॅडम म्हणणे मी सोडले, तेव्हाच ती माझ्याशी मोकळेपणाने बोलू लागली.

आरोग्याचा विमा मुंबईतूनच काढून जा. मेडिकेअरचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, परस्पर करार असलेल्या देशांत भारत नाही आणि व्हिक्टोरियात रुग्णवाहिकेचे एका फेरीचे बिल हजार डॉलरच्या वर जाते. विम्यात रुग्णवाहिका नसेल, तर ‘ॲम्ब्युलन्स व्हिक्टोरिया’चे वार्षिक सदस्यत्व त्या मानाने अगदी स्वस्त आहे. आणीबाणीचा क्रमांक ००० आहे.

राहता राहिले घरातले जगणे. मेलबर्नची थंडी आकड्यांत काही फार नाही, जुलैच्या पहाटे पारा सहा-सात अंशांवर असतो. पण जुनी घरे इतकी गार पडतात की मुंबईकराला ती थंडी घराबाहेर नव्हे, घरातच वाजते. खोली पाहताना हीटर चालू करून पाहा. स्वयंपाकघरात धुराची घंटा कुठे बसवली आहे, तेही पाहून ठेवा. मी पहिल्यांदा पोह्यांना फोडणी घातली, तेव्हा मोहरी तडतडून मिरचीचा ठसका उठला आणि ती घंटा अशी कोकलू लागली की सगळे घर स्वयंपाकघरात गोळा झाले. पुढे मी फोडणीआधी खिडकी उघडायची आणि पंखा लावायचा, ही सवय लावून घेतली; आणि रविवारच्या त्या पोह्यांवरच माझी घरातल्या तिघींशी खरी मैत्री झाली.

गिरगावातील एक आई

मुलुंडकर, तुझ्याएवढी माझी मुलगी आहे, म्हणून एकेरीत लिहिते. ती दोन वर्षांसाठी इंग्लंडला गेली तेव्हा मी नुकतीच बँकेतून निवृत्त झाले होते. त्यामुळे तुझ्या आईच्या बाजूने आणि बँकेच्या काउंटरच्या बाजूने, असे दोन्हीकडून सांगते.

नोकरीसाठी देश सोडलास की परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे तू अनिवासी ठरतोस आणि तुझे इथले बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचे, खाते करून घ्यावे लागते. जाण्याआधी शाखेत जाऊन फॉर्म घेऊन ठेव. परतल्यावर खाते पुन्हा निवासी करता येते. इथला मोबाइल क्रमांक बंद करू नकोस. तिथून इथली कोणतीही कामे करायची म्हटली की ओटीपी याच क्रमांकावर येणार, म्हणून निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घे आणि रिचार्जची जबाबदारी कोणावर तरी सोपव. आईला तुझ्या खात्यावर नॉमिनी कर. ती चालू शकते तोवर तिला एकदा शाखेत नेऊन तिथल्या माणसांशी ओळख करून दे. आईचा विमा, घराचे सोसायटी बिल आणि गॅसचे पुस्तक कुठे आहे, हे एका वहीत लिही. तुझ्या फोनमध्ये असून तिला उपयोग नाही.

वाहन चालवायचा विचार असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच, तुझ्या आरटीओकडून काढावा लागतो. तो एक वर्षाचा असतो. मुलुंड वडाळ्याच्या आरटीओत येते, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस.

आता आईविषयी. तू गेलास की मेलबर्न मुंबईच्या साडेचार तास पुढे असेल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे पुढे सरकली की साडेपाच तास. आईची जेवणानंतरची रात्रीची निवांत वेळ म्हणजे तुझी मध्यरात्र. माझी मुलगी सुरुवातीला वेळ मिळेल तेव्हा फोन करायची. तेव्हा मी दिवसभर फोन उशाशी घेऊन बसायचे आणि तो आला नाही की नको नको ते विचार मनात यायचे. शेवटी आम्ही ठरवले की रोज बोलायचे नाही, बुधवारी आणि रविवारी ठरलेल्या वेळीच बोलायचे. तुझ्या बाबतीत आईचा चारचा चहा धर. तेव्हा तिथे रात्रीचे साडेआठ झालेले असतील आणि तूही जेवून बसला असशील. बाकीचे दिवस सकाळी एक ओळ लिही. ‘पोहोचलो’, ‘जेवलो’, ‘पाऊस आहे’ एवढे पुरे. आणि बाळा, आजारी पडलास तर लपवू नकोस. माझ्या मुलीने आठवडाभर ताप लपवला होता. बरी झाल्यावर सांगितले, तेव्हा मला तापाचे नाही, लपवल्याचे वाईट वाटले.

कांदिवलीचा, सध्या मिल्ड्युराजवळ

वरील दोन्ही उत्तरांत शेतातल्या कामाचा उल्लेख नाही, म्हणून थोडी भर घालतो. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल, तर ठरावीक भागांत ठरावीक प्रकारचे काम तीन महिने, किमान ८८ दिवस करावे लागते. मेलबर्नच्या कॅफेतील काम त्यात धरत नाहीत, हे अनेकांना फार उशिरा कळते. मन बनवायचे असेल तर पहिल्या सहा महिन्यांतच बनवा.

मी मेलबर्नपासून सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर, मिल्ड्युराजवळ संत्री काढण्याच्या कामावर आहे. हिवाळ्यात इथे संत्र्यांचा हंगाम असतो आणि द्राक्षवेलींची छाटणीही चालते, त्यामुळे तुमच्या येण्याच्या वेळी काम असेल. पहाटे उठून बागेत पोहोचलो तरी फळांवर दव असेपर्यंत हात लावू देत नाहीत, कारण ओले फळ हाताळले की सालीवर डाग उठतात. तेव्हा शिडीपाशी शेकत उभे राहायचे आणि ऊन वर आले की गळ्यात पिशवी अडकवून सुरुवात करायची. पिशवी भरली की पट्टा खांद्यात रुततो. पहिल्या आठवड्यात रात्री कूस बदलता येत नव्हती. तिसऱ्या आठवड्यात अंग सरावले.

पैसे पेटीमागे मिळतात, परंतु एप्रिल २०२२ पासून अशा कामालाही तासाच्या किमान वेतनाची हमी आहे, म्हणून कामाचे तास स्वतःच्या वहीत रोज लिहा. ‘काम देतो, पण आमच्याच हॉस्टेलात राहा’ असे कोणी म्हणाले, तर आठवड्याचे भाडे आणि गाडीचे पैसे किती कापणार, हे आधी लेखी घ्या. प्रत्येक पगारपत्रक जपा, पुराव्याला तेच लागते. इथे मराठी बोलायला कोणी नाही. संध्याकाळी मरे नदीच्या काठावर फिरायला जातो आणि तिथूनच घरी फोन करतो.

मुलुंडकर

तिघांचेही मनापासून आभार. खोलीचे पैसे पाठवत नाही आणि त्या उपाहारगृहाला आजच नम्रपणे नकार कळवला. हॉस्टेलचे दोन आठवडे आरक्षित केले आहेत. पत्त्याचे मला सुचलेच नसते; ठाण्याच्या एका मित्राची बहीण मेलबर्नच्या क्लेटन उपनगरात राहते, तिची परवानगी घेऊन टीएफएनसाठी तिचा पत्ता देईन. आईला वरचे उत्तर वाचून दाखवले. ती काही बोलली नाही, पण मग उठून कपाटातली एक जुनी वही काढून आणली आणि गॅसचा ग्राहक क्रमांक पहिल्या पानावर स्वतः लिहिला. बुधवार आणि रविवार, चार वाजता, असे आमचे ठरले आहे.

एकच शंका उरली. आई म्हणते की कुकर, गोडा मसाला आणि रव्याचे लाडू न्यायचेच. नेता येतील का?

पार्ल्याची, नुकतीच परतलेली

गोडा मसाला नीट बंद पाकिटात न्या आणि विमानात मिळणाऱ्या पत्रकावर खाद्यपदार्थ असल्याचे ‘होय’ म्हणून लिहा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात; लपवलेली सापडली तर मोठा दंड होतो. दुधाचे पदार्थ आणि ताजा कढीपत्ता नेऊ नका. लाडवांत दूध किंवा खवा असेल तर ते निघण्याच्या आदल्या दिवशी घरीच संपवा. कुकर अवश्य न्या, तीन लिटरचा पुरे, पण तळ इंडक्शनवर चालणारा घ्या, कारण सगळ्या घरांत गॅस नसतो. सोबत रबराची दोन कडी आणि एक शिट्टी जास्तीची ठेवा. माझी शिट्टी सप्टेंबरमध्ये हरवली आणि ती मिळवायला मला डँडेनाँगच्या भारतीय दुकानांपर्यंत जावे लागले.